परभणी जिल्ह्याएवढी लोकसंख्या, तरी फ्रान्स-स्पेनला हरवलं! लाटव्हियाच्या बास्केटबॉल संघाची ९० वर्षांची गोष्ट

येलदरीच्या धरणापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत सगळा परभणी जिल्हा डोळ्यांसमोर आणा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. आता कल्पना करा की या एवढ्याच माणसांचा एक देश आहे, त्याचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे आणि तो संघ एकाच वर्ल्डकपमध्ये आधी फ्रान्सला, मग गतविजेत्या स्पेनला हरवतो.

असा देश खरोखरच आहे. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठावर. नाव लाटव्हिया, राजधानी रिगा, लोकसंख्या सुमारे १८ लाख ७० हजार. क्षेत्रफळ मात्र परभणीच्या दहापट, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. निम्म्याहून जास्त जमिनीवर जंगल. खेळाडू शोधायचा तर माणसं मुळातच कमी.

२०२३ मध्ये नेमकं काय घडलं?

पुरुषांच्या बास्केटबॉल वर्ल्डकपसाठी लाटव्हिया त्या वर्षी पहिल्यांदाच पात्र ठरला. त्यातही संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू, एनबीए गाजवणारा सात फुटांहून उंच क्रिस्टाप्स पोरझिंगिस पायाच्या दुखापतीमुळे बाहेर. जकार्ताला गेलेल्या संघाकडून फारशी अपेक्षा कुणाला नव्हती.

पहिल्या सामन्यात लेबनॉनला १०९-७० असं लोळवलं. दुसऱ्या सामन्यात समोर फ्रान्स, टोकियो ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. लाटव्हियाने ८८-८६ असा सामना काढला आणि फ्रान्स पहिल्या फेरीतच स्पर्धेबाहेर गेला. मग कॅनडाकडून २६ गुणांनी सपाटून मार खाल्ला, पण पुढच्या फेरीत स्पेनला ७४-६९ आणि ब्राझीलला १०४-८४ असं हरवून थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली.

तिथे जर्मनी. शेवटचे काही सेकंद, लाटव्हिया दोन गुणांनी मागे, चेंडू दाविस बर्टान्सच्या हातात. लांबून मारलेला चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला. ८१-७९. तो चेंडू आत गेला असता तर तीन गुण मिळाले असते आणि सामना लाटव्हियाचा झाला असता. पुढे हाच जर्मनी जगज्जेता झाला.

एवढ्यावर थांबला असता तरी देशात मिरवणूक निघाली असती. पण संघाने इटलीला हरवलं आणि पाचव्या क्रमांकासाठी शेजारच्या लिथुआनियाला ९८-६३ असं चिरडलं. याच लिथुआनियाने आठवड्याभरापूर्वी अमेरिकेला हरवलं होतं! त्या सामन्यात आर्तुर्स झागार्सने १७ असिस्ट दिले, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करता येईल असे १७ पास. वर्ल्डकपच्या एका सामन्यातला हा विक्रम ठरला. संघाचे इटालियन प्रशिक्षक लुका बांकी स्पर्धेतले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

हा चमत्कार वाटत असेल, तर या देशाचा जुना हिशेब बघायला हवा.

युरोपचा पहिला विजेता कोण?

बास्केटबॉल जन्मला अमेरिकेत. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ म्हणून भिंतीवर पीचच्या टोपल्या टांगल्या. ते ज्या संस्थेत शिकवत होते ती होती वायएमसीए. या संस्थेच्या शाखा जगभर पसरल्या आणि त्यांच्याबरोबर हा खेळही पसरला. पहिल्या महायुद्धानंतर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लाटव्हियातही तो याच वाटेने पोचला. १९३२ मध्ये जिनिव्हात फिबा ही जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापक देशांत लाटव्हिया होता. अर्जेंटिना, इटली, ग्रीस यांच्या शेजारी.

मे १९३५. जिनिव्हातच पहिली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा भरली, दहा संघांची. प्रशिक्षक वाल्देमार्स बाउमानिस यांच्या संघाने हंगेरीला ४६-१२, यजमान स्वित्झर्लंडला २८-१९ आणि अंतिम सामन्यात स्पेनला २४-१८ असं हरवलं. लाटव्हिया युरोपचा पहिला विजेता!

(गुण इतके कमी कसे, असा प्रश्न पडला असेल. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर खेळ पुन्हा मध्यभागी जम्प बॉलने सुरू व्हायचा. चेंडू ठराविक सेकंदांत मारलाच पाहिजे असं बंधनही नव्हतं. बराचसा वेळ चेंडू मध्यभागी आणण्यातच जायचा.)

पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला, तिथेही लाटव्हिया खेळला. विजेता म्हणून १९३७ ची युरोपियन स्पर्धा रिगात झाली, पण घरच्या प्रेक्षकांसमोर संघ सहावा आला आणि विजेतेपद नेलं लिथुआनियाने. १९३९ मध्ये लिथुआनियाने आपल्या कौनास शहरात खास क्रीडागृह बांधून स्पर्धा भरवली. तिथे या दोन शेजाऱ्यांचा सामना ३७-३६ असा सुटला. शेवटच्या क्षणाचा बास्केट होता प्रानास लुबिनासचा. हा मूळ लिथुआनियन कुटुंबातला, पण जन्माने अमेरिकन. १९३६ ला अमेरिकेकडून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेला. लाटव्हियाला रौप्यावर समाधान मानावं लागलं. त्या एका गुणाची खुन्नस दोन्हीकडे अजून जिवंत आहे.

मग संघच गायब झाला

१९४० मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या आणि लाटव्हिया नावाचा देश नकाशावरून पुसला गेला. देश नाही, तर राष्ट्रीय संघ कुठला? पुढची ५१ वर्षं या संघाच्या नावापुढे एकही सामना नाही.

त्या विजेत्या संघातला एक प्रमुख खेळाडू होता रुडोल्फ्स युर्सिन्श. महायुद्धानंतर सोव्हिएत राजवटीने त्याला पकडलं आणि १९४८ मध्ये श्रमछावणीत त्याचा मृत्यू झाला. युरोप जिंकून जेमतेम १३ वर्षं झाली होती. या १९३५ च्या संघावर २०१२ मध्ये ‘ड्रीम टीम १९३५’ नावाचा लाटव्हियन चित्रपट आला.

खेळ मात्र मेला नाही. उलट सोव्हिएत काळात रिगा हे युरोपच्या बास्केटबॉलचं केंद्रच बनलं. १९५८ मध्ये युरोपियन चॅम्पियन्स कप ही क्लबची स्पर्धा सुरू झाली आणि पहिले तिन्ही चषक, १९५८, १९५९ आणि १९६० चे, रिगाच्या ‘आस्क’ या लष्करी क्लबने नेले. प्रशिक्षक होते तरुण अलेक्सांद्र गोमेल्स्की. त्यांचा हुकमी एक्का यानिस क्रुमिन्श, उंची २१८ सेंटीमीटर. हा गडी जंगलात कामाला होता, बास्केटबॉल हातात घेतला तो विशी उलटल्यावर. पुढे त्याने सलग तीन ऑलिम्पिक रौप्यपदकं मिळवली, अर्थात सोव्हिएत संघाच्या जर्सीत.

महिलांची कथा तर त्याहून भारी. रिगाच्या महिला क्लबचं नाव ‘टीटीटी’. अर्थ काय, तर ट्रॉलीबस आणि ट्राम ट्रस्ट! शहर वाहतूक सेवेचा हा संघ, आपल्याकडे बेस्ट किंवा एसटीचा संघ असावा तसा. या संघाने युरोपियन चॅम्पियन्स कप एकदोनदा नव्हे, तब्बल १८ वेळा जिंकला. त्यातल्या बहुतेक विजयांत होती उल्याना सेम्योनोव्हा. उंची जवळपास सात फूट. १९७६ आणि १९८० अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं तिच्या नावावर आहेत, आणि सोव्हिएत संघाकडून खेळताना अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती एकदाही हरली नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नायस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला, तो मान मिळवणारी ती अमेरिकेबाहेरची पहिली महिला खेळाडू.

गंमत अशी की जगाच्या लेखी हे सगळे ‘रशियन’ होते. पदकतालिकेत त्यांचा देशच नव्हता. बास्केटबॉलच्या दृष्टीने बघायचं तर लाटव्हियाचं खरं नुकसान पराभवांत नाही, या विजयांत आहे. ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले.

स्वातंत्र्यानंतर लगेच यश मिळालं का?

नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला, संघही परत आला. १९९२ मध्ये गुंदार्स वेत्रा एनबीएमध्ये खेळणारा पहिला लाटव्हियन ठरला. पण सोव्हिएत पैसा आटला होता, कारखाने बंद पडत होते आणि माणसं देश सोडून चालली होती. १९८९ ला २६ लाख ७० हजार असलेली लोकसंख्या आज १९ लाखांच्याही खाली आहे. तीन दशकांत जवळपास आठ लाख माणसं कमी. कोणत्याही खेळाच्या निवड समितीसाठी यापेक्षा वाईट आकडा नाही. आत्ता हातात असलेली पिढी जपायची आणि पुढची वाया जाऊ द्यायची नाही, एवढाच मार्ग उरतो.

तो मार्ग त्यांनी शाळेतून काढला. हिवाळा लांब आणि कडक, त्यामुळे शाळेत बंदिस्त हॉल असतोच. त्याशिवाय सरकार आणि नगरपालिकांच्या पैशांवर चालणाऱ्या ‘क्रीडाशाळा’ आहेत. नेहमीची शाळा सुटली की पोरं तिथे जातात आणि पगारी प्रशिक्षक त्यांना शिकवतात. शिवाय जुन्या क्लबची नावं टिकली आहेत. रिगाचा आजचा मोठा क्लब ‘व्हेफ’ हे नाव एका इलेक्ट्रिकल कारखान्याचं. (हेरगिरीच्या चित्रपटांतला तो इवलासा मिनॉक्स कॅमेरा आठवतो? तो पहिल्यांदा याच कारखान्यात बनला.)

फळं हळूहळू आली. २०१५ मध्ये लिएपाया या बंदराच्या शहरातल्या पोरझिंगिसला न्यूयॉर्क निक्सने चौथ्या क्रमांकावर निवडलं. २०२४ मध्ये तो बोस्टन सेल्टिक्सबरोबर एनबीए विजेता झाला. २०१७ च्या युरोपियन स्पर्धेत संघ पाचवा आला. तेव्हा उपांत्यपूर्व फेरीत १०३-९७ असं हरवणारा स्लोव्हेनिया पुढे विजेता ठरला. त्याचीही लोकसंख्या २१ लाखच!

आणि २०२१ मध्ये टोकियोत थेट ऑलिम्पिक सुवर्ण, पण थ्री-बाय-थ्रीमध्ये. या प्रकारात अर्धंच मैदान, एकच रिंग, मैदानावर तीन आणि राखीव एक असे चारच खेळाडू. दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. अंतिम सामन्यात कार्लिस लास्मानिसने कमानीबाहेरून दोन गुणांचा फटका मारून २१-१८ असा शेवट केला. समोर कोण होतं? रशियाचे खेळाडू. १९४० नंतरचा इतिहास माहीत असलेल्याला रिगात त्या दिवशी काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हा खेळ कुठे अडला?

वायएमसीए आपल्याकडेही आली होती. मद्रासमध्ये हॅरी बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभं केलं. नागपाड्याच्या गल्ल्यांतून निघालेला अब्बास मुंतासिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. अलीकडे पुण्याच्या शिरीन लिमयेने महिला संघाचं नेतृत्व केलं आहे. म्हणजे बी एकच होतं.

भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकला गेला तो एकदाच, १९८० ला मॉस्कोत, तेही अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे. सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा. सर्वात मोठा विजय जुलै २०१४ मधला, वुहानमध्ये चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असं हरवल्याचा. वर्ल्डकपची पात्रता अजून एकदाही नाही. १४० कोटींच्या देशाचा हा हिशेब.

हवामानाचं कारण पुढे करता येतं, आणि ते अगदीच खोटं नाही. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना सिमेंटच्या कोर्टवर दुपारी कोण उतरणार? मराठवाड्यात खो-खो आणि कबड्डी रुजले, कारण त्यांना मातीचं मैदान पुरतं. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचा सपाट कोर्ट आणि ३.०५ मीटर उंचीवर घट्ट बसलेली रिंग लागते. पण थ्री-बाय-थ्रीला १५ बाय ११ मीटर जागा पुरे होते. येलदरी-जिंतूर भागातल्या कितीतरी शाळांच्या पटांगणात एवढी जागा सहज निघेल. चार पोरं आणि एक रिंग. अडचण येते ती रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पगारी माणसाची, आणि लाटव्हियाने नेमका त्याच माणसावर पैसा घातला.

सध्या हा संघ कुठे आहे?

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा रिगातच होती. अंतिम सामन्यात ब्राझीलने ९४-६९ असं हरवलं आणि पाच जणांच्या खेळात १९३६ नंतरचं ऑलिम्पिक पुन्हा हुकलं. पॅरिसला थ्री-बाय-थ्रीचा संघ गेला, साखळीतले सगळे सामने जिंकला, मग उपांत्य सामना हरला आणि कांस्यपदकाच्या लढतीतही हार पत्करली. त्या वेळी समोर लिथुआनिया होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपियन स्पर्धेचे बाद फेरीचे सामने रिगात झाले. पोरझिंगिस यावेळी तंदुरुस्त होता, हॉल घरच्या लोकांनी भरलेला होता. पहिल्याच बाद सामन्यात ८८-७९ असा पराभव झाला आणि स्पर्धा संपली. हरवणारा संघ होता लिथुआनिया.