पोटावरील शस्त्रक्रिया आणि पुढची पंधरा वर्षे

आपल्या हुबळी-धारवाडकडे शुभवार्तेबरोबर पेढ्याचा पुडा येतोच. स्थूलपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या मधुमेही गृहस्थांच्या मनात अशा वेळी प्रश्न उभा राहतो: ‘आता पथ्य सुटले ना?’ या प्रश्नाचाच आज विचार करू.

कंबरेचा वाढलेला घेर, वाढलेला रक्तदाब, रक्तातील अधिक साखर, ट्रायग्लिसराइड या मेदाचे आधिक्य आणि हितकारक कोलेस्टेरॉलची उणीव, या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे चयापचयाचा विकारसमूह जडला असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा होय. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

या शस्त्रक्रियेत जठर लहान करतात किंवा अन्नाची वाट वळवून पुढच्या आतड्यास जोडतात. नवल असे की, वजन पुरते उतरण्यापूर्वीच, काही दिवसांतच, साखर खाली येऊ लागते. आहार तर घटतोच. शिवाय आतड्यातील संप्रेरके इन्शुलिनच्या कार्यास साहाय्य करतात.

परंतु हा लाभ टिकतो किती? स्वीडनमध्ये १९८७ साली आरंभलेल्या दीर्घ अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी शंभरांतील ७२ मधुमेही रोगमुक्त स्थितीत आढळले. पंधरा वर्षांनी सुमारे ३०च उरले. तथापि हे अपयश नव्हे. शस्त्रक्रिया न झालेल्यांत तोच आकडा सहा-सातच होता. डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना मधुमेहामुळे होणारी हानीही शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे निम्मीच दिसली. ज्यांचा मधुमेह नवा होता, त्यांना लाभ अधिक झाला.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड ही जीवनसत्त्वे शरीरात पुरेशी मुरत नाहीत. म्हणून ती औषधरूपाने घेणे आणि ठराविक काळाने रक्त तपासून घेणे जन्मभर चालू ठेवावे लागते. वाट वळविलेल्या पोटात गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड व घेरीही येऊ शकते.

सारांश, शस्त्रक्रिया रोगाला मागे हटविते. त्याला मागे ठेवण्याचे काम मात्र रोग्याचेच असते. पथ्य सुटत नाही. ते पाळणे पूर्वीपेक्षा फलदायी होते, एवढेच.