आवड कीं उपजत गुण?

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे पुष्कळ घरांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला जातो. "पुढें काय करणार?" असें वडील विचारतात, "मला काय आवडतें?" असें मूल आपल्या मनाशीं विचारतें, आणि "याला काय साधेल?" असें शिक्षक विचारतात. तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीविषयींचे दिसले, तरी त्यांचीं उत्तरें एकच येतील असें मुळींच नाहीं. एखाद्याचें मन चित्रांत रमतें, पण हात यंत्रावर चालतो. दुसऱ्याला गायनाचें वेड असतें, पण गळा साथ देत नाहीं. अशा वेळीं पोटापाण्याचा उद्योग आवडीवर उभारावा कीं उपजत गुणावर, याचा थोडासा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम शब्दांचे अर्थ ठरवून घेऊं. ज्या विषयाकडे मन कोणीं न सांगतां वारंवार धांव घेतें, ती आवड. जें काम इतरांना मोठ्या कष्टानें साधतें, पण आपणांस थोड्या श्रमांत साधतें, त्याच्या मुळाशीं असतो तो उपजत गुण. आवडीला आपल्या मनाची साक्ष पुरते. गुणाचें तसें नाहीं. त्याची पारख झालेल्या कामावरून होते आणि ती बहुधा दुसरेच करतात. उपजीविका ही या दोहोंहून निराळी अशी तिसरी गोष्ट आहे. आपल्या कामाची कोणाला तरी गरज असली आणि त्यानें तिचा मोबदला दिला, तरच ती चालते. "हौसेला मोल नाहीं" अशी आपल्याकडे म्हण आहे. हौस भागविणारा मनुष्य खर्चाकडे पाहत नाहीं, हा तिचा नेहमींचा अर्थ. परंतु बाजारांत उभें राहिलें म्हणजे तिचा दुसराही अर्थ ध्यानांत येतो. आपल्या हौसेबद्दल आपणांस कोणी पैसा देत नाहीं. पैसा मिळतो तो कामाबद्दल.

एवढें मान्य केलें, तर आवड सोडावी आणि गुण धरावा, असा निकाल कोणी चटकन देईल. तो घाईचा होईल. गुणामुळें काम सोपें होतें हें खरें; पण पहिलीं कांहीं वर्षें यश दिसत नाहीं, त्या काळांत माणसाला कामाशीं बांधून ठेवणारी शक्ति बहुधा आवडच असते. म्हणून नुसत्या तर्कावर विसंबण्यापेक्षां, हाच प्रश्न ज्यांना प्रत्यक्ष आयुष्यांत सोडवावा लागला, अशा चार महाराष्ट्रीय माणसांकडे आपण पाहूं.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांत झाला. चित्रकलेच्या ओढीनें ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु तेथें असें आढळून आलें कीं, त्यांच्या दृष्टीला कांहीं रंगांतील भेद नीट ओळखतां येत नाहीं. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कोणता? रंग सोडावे लागले. पण रेषा त्यांच्या हातीं राहिली. यंत्राचें रेखाचित्र काढण्यास रंग लागत नाहींत. अचूक नजर आणि स्थिर हात मात्र लागतो. त्यांनीं यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास पुढें चालविला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत तोच विषय शिकविला. पुढें बेळगांवास सायकलींचा धंदा करतां करतां ते कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर यांकडे वळले. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या, निवडुंगांनीं भरलेल्या माळावर, कुंडल स्टेशनाजवळ, त्यांनीं आपला कारखाना वसविला. तीच आजची किर्लोस्करवाडी. रंगाचा हट्ट धरून ते बसले असते, तर एक सामान्य चित्रकार कदाचित् झाले असते. परंतु हेंही विसरतां कामा नये कीं, चित्रकलेच्या आवडीनें मिळविलेली रेषा फुकट गेली नाहीं; प्रत्येक यंत्र प्रथम कागदावरच उभें राहतें.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. यांचें उदाहरण आम्हांस सर्वांत अधिक बोधप्रद वाटतें. १८६० सालीं मुंबईस जन्मलेल्या या गृहस्थांना संगीताची अतिशय ओढ होती; तरुणपणींच ते सतार व गायन शिकले. परंतु १८८७ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली. पुढें पत्नी व कन्या यांच्या निधनानंतर त्यांनीं वकिली सोडली आणि उरलेलें आयुष्य संगीताला वाहिलें. आतां पाहण्याजोगी गोष्ट ही कीं, संगीताला वाहून घेऊनही ते बैठकीचे गवई झाले नाहींत. गळ्याच्या देणगीनें श्रोत्यांना डोलविणारे गवई त्या काळीं थोडे नव्हते. विखुरलेला पुरावा गोळा करणें, नेमका प्रश्न विचारणें आणि परस्परविरोधी जबान्यांतून सुसंगत अर्थ लावणें, ही वकिलाची शक्ति मात्र भातखंडे यांच्यापाशीं होती. ती घेऊन ते दक्षिणेंत व उत्तरेंत हिंडले, जुने ग्रंथ चाळले, निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपींत लिहून ठेविल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. 'हिंदुस्तानी संगीत पद्धति' हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपानें लिहिलेला आहे. तो वाचतांना वकिलाच्या हाताची ओळख पटते. १९२६ सालीं लखनौस त्यांच्या प्रयत्नानें निघालेलें संगीत महाविद्यालय आज त्यांच्या नांवाचें विश्वविद्यालय झालें आहे. प्रेम संगीतावर होतें. गुण छाननीचा होता. संगीताला त्या काळीं ज्या गोष्टीची उणीव होती, तीच त्यांनीं पुरविली.

तिसरे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरास १८७० सालीं यांचा जन्म झाला. १९११ च्या सुमारास मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील एक मूकचित्रपट पाहून त्यांना चित्रपटांचें वेड लागलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु त्यापूर्वींचीं वर्षें बहुधा कोणी मोजीत नाहीं. तोंपर्यंत ते चित्रकला शिकले होते, छायाचित्रकाराचा धंदा त्यांनीं केला होता, पुराणवस्तु खात्यांत नकाशे काढले होते, छापखाना चालविला होता आणि जादूचे प्रयोगही शिकले होते. हीं सर्व कौशल्यें चित्रपटाच्या कामीं आलीं. १९१२ सालीं विलायतेस जाऊन त्यांनीं यंत्रसामुग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. आवड विजेसारखी आली, पण ती पडली ती वीस वर्षें तयार होत असलेल्या हातांवर. या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. विम्याची पॉलिसी गहाण पडली. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गेले. एवढेंच नव्हे, तर घरचें सारें सांभाळून फिल्मला भोकें पाडण्यापासूनचीं कामें त्या करीत असत. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा फाळके यांचा अखेरचा चित्रपट. त्यानंतर १९४४ सालीं नाशिकास देहावसान होईपर्यंतचा त्यांचा काळ संपन्नतेचा नव्हता. आवडीवर सर्वस्व लावणाऱ्यानें हें ध्यानीं घ्यावें कीं, पणाला लागतें तें त्याच्या एकट्याचें नसतें.

चौथे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. हे पुण्यास महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत आणि मैदानावर क्रिकेट खेळत. १९२६ सालीं इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढल्या, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्यांच्याजवळ क्रिकेटची आवड होती आणि गुणही होता. उणीव होती ती मोबदल्याची, कारण त्या काळीं या खेळावर संसार चालण्यासारखा नव्हता. म्हणून संस्कृतानें घर चालविलें आणि क्रिकेट क्रिकेटच राहिलें. एका माणसाच्या ठिकाणीं दोन गुण असूं शकतात, आणि त्यांतील एकानें दुसऱ्याला पोसण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

या चौघांच्या आयुष्यांवरून आम्हांस असें वाटतें कीं, "आवड कीं गुण?" हा प्रश्नच थोडा निराळा करून विचारावयास हवा. "ज्या गोष्टीवर माझें प्रेम आहे, तिला माझ्या कोणत्या गुणाचा उपयोग आहे?" असा तो विचारावा. संगीताला गवई लागतो. पण तंबोरा करणारा मिरजेचा कारागीर, संगीताचा शिक्षक, ध्वनिमुद्रण करणारा आणि संगीताचा इतिहास लिहिणारा हेही लागतात. रुग्णसेवेची तळमळ असलेल्या पण रक्त पाहून घेरी येणाऱ्या मुलीला औषधें सिद्ध करण्याच्या शास्त्रांत मोठें क्षेत्र आहे. प्रत्येक आवडत्या विषयाला असे अनेक दरवाजे असतात. समोरचा मोठा दरवाजा बंद दिसला म्हणून घर सोडून जाण्यापूर्वीं बाजूचे दरवाजे ठोठावून पाहावे. ते सर्व बंदच निघाले, तर देवधरांचा मार्ग आहेच.

विद्यार्थिमित्रहो, स्वतःची परीक्षा घेण्यास तीन कसोट्या सांगतों. पहिली ही कीं, आपल्याला श्रम आवडतात कीं फळ आवडतें, हें पाहा. टाळ्या सर्वांनाच आवडतात. पहांटेचा रियाज ज्याला आवडतो, त्याचीच गाण्याची आवड खरी. दुसरी ही कीं, आपलें काम परक्या जाणकाराला दाखवा. आईबाप प्रेमानें स्तुति करतात, मित्र भिडेनें करतात. ज्याला तुमची भीड नाहीं आणि विषय कळतो, त्याचें मत घ्या. तिसरी ही कीं, त्या कामांत वर्ष दोन वर्षें नियमानें घालवा आणि मग पहिल्या व शेवटच्या कामाची तुलना करा. जेथें गुण आहे तेथें प्रगति दिसल्यावांचून राहत नाहीं. कोवळ्या वयांत गुण झांकलेला असतो, म्हणून चार दिवसांत निकाल लावूं नका; आणि तो कधींच दिसला नाहीं, तर स्वतःला फसवूंही नका.

पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपली स्वतःची अपुरी राहिलेली इच्छा हीच मुलाची आवड, असा समज पुष्कळदां नकळत होतो, तो टाळावा. मुलाच्या आवडीला एकदम नकार देण्याऐवजीं ठराविक मुदत द्यावी. आणि घरची परिस्थिति मुलापासून लपवूं नये. कर्ज किती, धाकट्या भावंडांचें शिक्षण किती वर्षांचें, किती दिवस मिळकतीवांचून निभेल, हा हिशेब त्याच्यापुढें मांडावा. घरची अडचण माहीत असलेलीं मुलें बहुधा समजुतीनें वागतात. जीं दुखावतात, तीं कारण न सांगतां मिळालेल्या नकारानें.

ज्या घरीं हा हिशेब कठीण आहे, तेथील मुलानें किंवा मुलीनें जें काम लौकर साधतें आणि ज्याचा मोबदला मिळतो, तें खुशाल प्रथम हातीं घ्यावें. त्यांत आवडीचा पराभव झाला असें आम्ही मानीत नाहीं. मात्र सायंकाळचा एक तास तिच्यासाठीं राखून ठेवावा. पुढेंमागें परिस्थिति पालटली आणि त्या विषयाला आपल्या कामाची गरज पडली, तर तो राखलेला तास उपयोगीं पडेल. आणि न पडली, तरी दिवसभराच्या श्रमानंतर स्वतःच्या आनंदासाठीं केलेलें तें काम आपलें आपल्याजवळ राहील.