हीलिंग वर्डनंतर गायडिंग बोल्ट चालतो का?

आज एकच नियम घेऊया, कारण टेबलावर सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. ‘एका टर्नमध्ये एकच स्पेल’ असं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारे बरेच जण ठामपणे सांगतात. पण पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तसं नाहीये. तिथला नियम असा: बोनस ॲक्शनने स्पेल कास्ट केला, की त्याच टर्नमध्ये दुसरा स्पेल नाही. सूट फक्त एका ॲक्शनच्या कॅन्ट्रिपला.

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी दोन दिवस खेळलो, तेव्हा नकाशाही तोरण्याचाच काढला होता. बिनी दरवाज्यात आमचा फायटर शून्यावर पडला, दोन डेथ सेव्ह फेल. समोर अर्धमेला ओगर. क्लेरिकला दोन्ही हवं होतं: हीलिंग वर्डने मित्र उठवायचा आणि गायडिंग बोल्टने ओगर पाडायचा. हीलिंग वर्ड बोनस ॲक्शनचा, म्हणून बोल्ट बाद. आधी बोल्ट, मग हीलिंग असा क्रम लावला तरी बादच. उरला सेक्रेड फ्लेम. तिसऱ्या लेव्हलला चार डी-सिक्सऐवजी एक डी-एट! तिने मित्र उठवला. ओगर सेव्ह झाला आणि पुढच्या टर्नला दोघांवर धावून आला.

गंमत अशी, की बोनस ॲक्शनला हातच लावला नाही तर हा नियम झोपलेला असतो. फायटरच्या दोन लेव्हल घेतलेला विझार्ड ॲक्शन सर्ज वापरून एका टर्नमध्ये दोन फायरबॉल बिनधास्त टाकतो. मिस्टी स्टेपने जरा बाजूला सरकलेल्या विझार्डला मात्र स्वतःच्या टर्नमध्ये काउंटरस्पेलही करता येत नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, चेक चुकीच्या व्हेरिएबलवर लावलाय.

२०२४ च्या हँडबुकने तो बदलला: एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्च करायचा. ॲक्शन सर्जमधून मॅजिक ॲक्शन वगळली, त्यामुळे दोन फायरबॉलची ती युक्ती संपली. हीलिंग वर्ड आणि गायडिंग बोल्ट दोन्ही स्लॉटमधून केले तर आजही नाही. पण बोल्टचा स्क्रोल असेल तर चालतं, स्क्रोलला स्लॉट लागत नाही. २०१४ मध्ये स्क्रोलवरचा स्पेलही ‘दुसरा स्पेल’च धरला जातो. मला नवा नियम जास्त पटतो, मोजायला सोपा आहे.

आणि हा हिशोब टर्नचा आहे, राउंडचा नाही. शत्रूच्या टर्नमध्ये तुमचा शील्ड मोकळाच असतो.