गिअर पडत नाही, पण दुखणं गिअरबॉक्सचंच आहे का?

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे काय बायकांचं काम आहे का! पण आपल्या वाशी तालुक्यात जुनी पिकअप कितीतरी घरांचं पोट चालवते. पहाटे दूध, मग खवा, सुगीत सोयाबीन, नंतर कांदा, लग्नसराईत मंडपाचं सामान. स्टिअरिंगवर बहुधा घरातला माणूस नाहीतर पगारी ड्रायव्हर असतो. हप्ता भरणं, डिझेलचा हिशोब ठेवणं आणि गॅरेजचं बिल चुकतं करणं मात्र आपल्याकडे येतं. आणि सगळ्यात मोठं बिल येतं ते एका वाक्यानंतर: "गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

कधीकधी तो खरंच उतरवावा लागतो. पण गिअर पडत नाही म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्यांमध्ये गिअरबॉक्स धडधाकट असतो आणि दुखणं क्लचमध्ये असतं. ते कसं ओळखायचं, हे आज सांगतो.

क्लच म्हणजे काय ते आधी पाहू. जुनी पिठाची गिरणी आठवा. इंजिन चालूच असायचं, पण पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की जातं थांबायचं. गाडीत पट्ट्याचं काम क्लचप्लेट करते. पायाने क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटे होतात, आणि तेवढ्या वेळात गिअर बदलायचा असतो. क्लच पूर्ण सुटला नाही तर गिअरबॉक्समधले दाते फिरतच राहतात. फिरत्या दात्यात दाता बसवायला गेलं की खरखर होणारच.

आता परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, एकेक गिअर टाकून पाहा. रिव्हर्ससुद्धा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच पुन्हा करा. गाडीसमोर कुणाला उभं राहू देऊ नका, लेकरांना तर मुळीच नाही.

बंद इंजिनावर सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनावर एकही नीट पडत नाही, असं असेल तर आधी क्लचकडे बघायचं. बंद इंजिनावरही दांडा जड जात असेल तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी बघायची: झिजलेले बूश, गंजलेली केबल, ढिला बोल्ट, फाटलेलं फाउंडेशन. ही सगळी बाहेरची कामं आहेत, बॉक्स न उघडता होणारी. आणि बाकी गिअर चांगले पडतात, फक्त दुसरा नाहीतर तिसराच खरखरतो, असं असेल तर मात्र त्या गिअरची आतली रिंग झिजल्याचा संशय घ्यायचा.

ही रिंग बहुतेक गाड्यांत पितळी असते. दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करून मगच दाते एकमेकांत जाऊ देणं, हे तिचं काम. मोटारीत ही सोय पहिल्यांदा १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आणली. त्याआधी आणि ट्रकमध्ये तर त्यानंतरही बरीच वर्षं ड्रायव्हर 'डबल क्लच' मारून वेग जुळवत. जुन्या ड्रायव्हरना विचारा, पाय आपोआप हलेल त्यांचा. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत ही रिंग नसतेच. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकायचा. घाई केली की जो आवाज येतो तो बिघाडाचा नाही, घाईचा आहे.

क्लचकडे वळू. अनेक पिकअपमध्ये क्लच ऑइलच्या दाबावर चालतो. पायाजवळ वर मास्टर सिलिंडर आणि खाली गिअरबॉक्सपाशी दुसरा छोटा सिलिंडर. पॅडल भराभर दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो का बघा. पडत असेल तर नळीत हवा शिरलेली असते नाहीतर सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. पॅडलच्या वर आणि खालच्या सिलिंडरच्या रबराखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर गळती सापडली. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचला ऑइलची एकच बाटली असते. तिची पातळी उतरत असेल तर ब्रेकही तपासून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. त्या बाटलीत गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला. इंजिनचं ऑइल चुकून गेलं तर रबर फुगून सगळंच बदलावं लागतं.

केबलचा क्लच असेल तर काम आणखी सोपं. केबल ढिली झाली की क्लच पुरता सुटत नाही, फार ताणली की पुरता धरत नाही. न धरणारा क्लच ओळखायला सोपा असतो. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही, आणि जळका वास येतो. तिथे प्लेट संपत आलेली असते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणं आणि चढावर हँडब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं, या दोन सवयी प्लेट खातात. ड्रायव्हरशेजारी बसलात की पायाकडे नजर टाकत जा.

आवाजही बरंच सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर संशय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

गिअर ऑइल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. इंजिनचं ऑइल सगळे बदलतात, याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. थंडीत पहाटे पहिली पाच-दहा मिनिटं गिअर जड जाणं आणि मग मोकळं होणं, हे घट्ट झालेल्या ऑइलमुळे होऊ शकतं. बदलताना प्रत पुस्तकात बघूनच घ्या. जीएल-४ लिहिलं असेल तर 'त्याहून भारी' म्हणून जीएल-५ घालू नका. त्यातल्या काही ऑइलमधली रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत. जुनं ऑइल बाहेर पडताना तिथे उभ्या राहा. चुंबकावर राखाडी बारीक लगदा असतोच, पण पिवळे कण दिसले तर रिंगा झिजताहेत, आणि लोखंडाचे तुकडे दिसले तर बॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

एक दुखणं मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नका: चालता चालता गिअर आपोआप सुटणं. पारगाव, चौसाळा करत बीडकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. भरलेली गाडी उतारावर गिअरमधून निसटली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. दांडा हाताने दाबून धरून खेप पुरी करणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. त्याला शाबासकी देऊ नका. खव्याची एक खेप दुसऱ्या गाडीने पाठवा, भाडं जाईल तर जाऊ द्या. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला किल्ली देऊच नका.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'गिअर पडत नाही' एवढंच सांगू नका. कोणता गिअर, इंजिन चालू असताना की बंद, थंड असताना की तापल्यावर, हे सांगा. कागदावर लिहून नेलंत तर उत्तम. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या आणि मागचं ऑइल सील बघून घ्या. मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच जास्त असते, ती दोनदा कशाला द्यायची? काढलेले जुने भाग परत मागा. गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातून नुसती फिरवून आणू नका. थोडं वजन टाकून चढावर न्या आणि सगळे गिअर टाकून पाहा, मगच पैसे मोजा.