अंगठी बसत नाही? मग आधी बिल काढा!

"एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही." ही पाटी न वाचलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही! कापडाच्या दुकानात असते, चपलांच्या दुकानात असते आणि सराफी पेढीवरही असते. आपण ती वाचतो, मान डोलावतो आणि पाकीट काढतो. दोनशे रुपयांच्या टी-शर्टचं एकवेळ ठीक आहे हो, पण साठ-सत्तर हजारांची अंगठी बोटात जातच नसेल तर?

आपल्या कॉलेजात हा प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही. प्लेसमेंट झालेला सिनियर पहिल्या पगारात आईला बांगड्या घेतो. कोणाच्या ताईचा साखरपुडा असतो. ऑफिसमधल्या काकांच्या घरी लग्न निघालेलं असतं. दागिना घरी येतो, सगळे कौतुक करतात आणि मग कळतं की मनगटातून पुढे सरकतच नाहीये. अशा वेळी घरातले मोठे लोक म्हणतात, "जाऊ दे, सोनाराशी कशाला वाद!" माझ्या मते हे 'जाऊ दे' फार महाग पडते. आणि त्याचा उलटा गैरसमजही तितकाच चुकीचा आहे, की ग्राहक म्हणजे राजा, काहीही परत करता येतं. खरं उत्तर या दोघांच्या मधे आहे, आणि ते बहुतेक वेळा बिलावर लिहिलेलं असतं. किंवा लिहिलेलं नसतं, आणि तिथेच घोळ होतो.

आधी थोडे माप

इंजिनिअरिंगच्या मुलांना माप शिकवायचं म्हणजे जरा धाडसच, पण दागिन्यांची मापं आपल्या वर्कशॉपपेक्षा वेगळी आहेत. बांगडीचे माप २.४, २.६, २.८, २.१० असे लिहितात. यातला टिंब दशांशचिन्ह नाही! ते इंचाचे सोळावे भाग आहेत. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच आतला व्यास, म्हणजे सुमारे ५७ मिमी. २.६ म्हणजे ६० मिमी, २.८ म्हणजे ६३.५ मिमी आणि २.१० म्हणजे जवळपास ६७ मिमी. कॅलक्युलेटरच्या हिशोबाने २.१० हे २.४ पेक्षा लहान, पण मनगटाच्या हिशोबाने चांगलं एक सेंटिमीटर मोठं. दुकानात म्हणूनच 'दोन-चार', 'दोन-दहा' असं म्हणतात.

अंगठीचं वेगळंच. आपल्याकडच्या नंबरांत एक नंबर वाढला की आतला परीघ साधारण एक मिलिमीटर वाढतो. १२ नंबर म्हणजे परीघ ५२ मिमीच्या आसपास, २० नंबर म्हणजे ६०. आता कोणी घरी पट्टी घेऊन जुन्या अंगठीचा व्यास मोजला आणि एक मिलिमीटरने चुकला, तर परिघात ३.१४ मिमीचा फरक, म्हणजे तीन नंबर! दुकानदाराकडे वेगवेगळ्या मापांच्या कड्यांचा जुडगा असतो, तो वापरावा हे बरं. शिवाय उकाड्यात आणि संध्याकाळी बोटं थोडी फुगतात, उजव्या-डाव्या हाताची बोटं सारखी नसतात, आणि रुंद पट्टीची अंगठी त्याच नंबरात जास्त घट्ट वाटते.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'बसत नाही' यामागे चूक कोणाची, हे ठरवल्याशिवाय कायदा पुढे जात नाही.

एक वाक्य, तीन तक्रारी

पहिली तक्रार: तुम्ही माप दिलं किंवा दुकानदाराने स्वतः बोट मोजलं, ऑर्डर घेतली आणि दागिना दुसऱ्याच मापाचा आला. इथे चूक दुकानाची. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो की वर्णनानुसार विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. आणि तुम्ही वस्तू कशासाठी हवी ते सांगून विक्रेत्याच्या कसबावर विसंबला असाल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. 'वीस नंबरच्या बोटासाठी अंगठी' म्हणून ऑर्डर घेतली आणि अठरा नंबरची दिली, तर अंगठी कितीही सुंदर असो, ठरलेली वस्तू मिळालेलीच नाही.

दुसरी तक्रार: तयार बांगड्यांवर २.६ ची चिठ्ठी आहे, पण मोजल्या तर २.४ भरतात. हेही दुकानाचंच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच मोठी आहे. कायद्याने किंवा कराराने जी प्रत, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा असायला हवा, किंवा विक्रेत्याने जो दावा केला, त्यात उणीव असली तर तो दोष. माप हाही दावाच आहे.

तिसरी तक्रार: चिठ्ठी बरोबर, माल बरोबर, पण आपण बहिणीच्या हाताचा अंदाज घेऊन आणलं आणि ते बसलं नाही. किंवा बसलं, पण आवडलं नाही. इथे मात्र कडू गोळी गिळावी लागते. दुकानात जाऊन घेतलेली, दोष नसलेली वस्तू केवळ मन बदललं किंवा अंदाज चुकला म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. दुकानाने स्वतःहून 'सात दिवसांत बदलून मिळेल' असं बिलावर लिहिलं असेल, तर तो करार होतो आणि तो दुकानावर बंधनकारक असतो. नसेल लिहिलं तर सगळं त्यांच्या चांगुलपणावर.

आता ती पाटी. २०१९ च्या कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय याची यादी दिली आहे. त्यात असं आहे की सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिली असेल ती, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. म्हणजे पहिल्या दोन तक्रारींत पाटीला काही अर्थ उरत नाही. तिसरीत पाटी चालते. (बिल न देणे हेसुद्धा त्याच यादीत आहे, हे लक्षात असू द्या!)

ऑनलाइन मागवलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आला असेल, तर विक्रेत्याला परत घेण्याचं नाकारता येत नाही.

'बदलून देतो' या गोड शब्दाचा हिशोब

दुकानदार सहसा सरळ नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "ताई, पैसे परत नाही, पण बदलून देतो ना!" ऐकायला बरं वाटतं. पण 'बदलून' म्हणजे काय ते विचारा. दागिना बदलणे आणि दागिना मोडणे यात फार फरक आहे.

आकडेमोड सोपी जावी म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. सहा ग्रॅमच्या अंगठीचं सोनं झालं ६०,०००. घडणावळ (बिलावर 'मेकिंग चार्जेस' किंवा 'मजुरी' असते ती हीच) १२ टक्के धरली तर ७,२००. एकूण ६७,२००. त्यावर ३ टक्के जीएसटी २,०१६. बिल ६९,२१६ रुपये. आता तीच अंगठी दुकानाने 'मोड' म्हणून घेतली आणि ३ टक्के घट कापली, तर तुमच्या नावावर जमा होतात ५८,२००. त्याच वजनाची, योग्य मापाची अंगठी घ्यायला पुन्हा ६९,२१६. म्हणजे चूक दुकानाची आणि वरचे ११,०१६ रुपये तुमचे!

म्हणून चूक त्यांची असेल तर वाक्य स्पष्ट असावं: "मोड नको. ठरलेल्या मापाचा दागिना द्या, पुन्हा मजुरी न लावता. नाहीतर पूर्ण बिलाची रक्कम परत करा."

एक घडलेली केस

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीच्या ताईचा साखरपुडा होता. होणाऱ्या भावोजींसाठी सहा ग्रॅमची अंगठी त्यांच्या गावातल्या एका पेढीवर केली. अंगठी आली दोन नंबर लहान. दुकानदार म्हणाला, "जेंट्सची बोटं फुगतात हो, त्याला आम्ही काय करणार?" आणि वर सांगितलेलाच मोडीचा हिशोब कागदावर मांडून दिला. घरचे तयारही झाले होते, कारण साखरपुडा आठ दिवसांवर.

मैत्रिणीने ऑर्डरच्या चिठ्ठीचा फोटो मला दाखवला. त्यावर पेढीच्याच माणसाच्या अक्षरात 'साइज २०' लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी मेसमध्ये बसून एक पानी पत्र लिहिलं: अमुक तारखेला ऑर्डर, माप २०, मिळालेली अंगठी १८, सोबत चिठ्ठीची प्रत, चार दिवसांत दुरुस्त करून द्या किंवा पैसे परत करा. वडिलांनी ते नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. भांडण नाही, आवाज चढवणं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगठी वाढवून मिळाली. मजुरी शून्य. वाढलेल्या सोन्याचे पैसे मात्र त्यांनी दिले, ऑर्डरच्या दिवशीच्या भावाने. मला हे योग्यच वाटलं. ५८ मिमीच्या परिघात २ मिमीची भर म्हणजे सहा ग्रॅमला साधारण ०.२ ग्रॅम, आणि ते सोनं शेवटी त्यांच्याच बोटात राहिलं. न्याय म्हणजे फुकट नव्हे, ठरलेलं ते.

तरी एक सूचना. साधी अंगठी कापून, तुकडा घालून, झाळून वाढवता येते. पण सगळीकडून खडे असलेली किंवा पूर्ण गोल नक्षी असलेली अंगठी अशी वाढवणं अवघड असतं. तिथे 'दुरुस्त करतो'वर समाधान न मानता नवीनच मागावी. दुरुस्तीनंतर नवीन वजन बिलावर लिहून घ्यावं.

शुद्धतेची गोष्ट वेगळी

मापाच्या वादात हॉलमार्क विसरू नका. २३ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. (दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना सक्तीतून सूट आहे.) दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि एचयूआयडी. हा नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की माहिती समोर येते. बदलून मिळालेल्या दागिन्याचा नंबर वेगळा असणार, तोही तपासा. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर तेवढ्या वजनामागे जो फरक पडतो त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

दुकानदाराने ऐकलंच नाही तर?

१. दागिना वापरू नका आणि दुसऱ्या सोनाराकडून दुरुस्तही करू नका. पुरावा तोच आहे.

२. लेखी तक्रार द्या. हातोहात दिली तर पोच घ्या, नाहीतर ई-मेल किंवा स्पीड पोस्ट.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ती कोर्ट नाही, पण दुकानाशी संपर्क साधून प्रकरण मिटवायचा प्रयत्न करते.

४. शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. २०१९ च्या कायद्यामुळे आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. तक्रार ऑनलाइन दाखल करायला 'ई-जागृती' पोर्टल आहे. मुदत दोन वर्षे. आयोग दुरुस्ती, बदली, व्याजासह रक्कम किंवा भरपाई यांपैकी योग्य तो आदेश देऊ शकतो. निकालाला वेळ लागतो हे खरं, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या नीट करा.

दागिना भेट मिळाला असेल तरी हरकत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहकच असतो. फक्त बिल त्याच्याकडून मागून घ्या, लाजू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं

वरच्या सगळ्या कायद्याचा जोर एका ओळीवर उभा आहे. वीस नंबर ठरला होता, हे सिद्ध कसं करणार? म्हणून पैसे देण्याआधी बिलावर किंवा ऑर्डरच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून घ्या: माप, वजन, शुद्धता व एचयूआयडी, घडणावळ वेगळी, आणि न बसल्यास काय करणार ते. शेवटचं वाक्य लिहायला दुकानदार कां-कूं करील. करू द्या. 'मापात बदल १५ दिवसांत, मजुरी नाही' एवढे शब्द लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि ते शब्द असतील तर तिसऱ्या प्रकारची, म्हणजे आपल्याच चुकलेल्या अंदाजाची तक्रारसुद्धा हक्काची होते.

बिलाचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं काळानुसार उडू शकतात, दोन वर्षांची मुदत मात्र तशीच राहते.