इंग्रजी अर्जात उतरलेली मराठी

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन छत्तीसगडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, तेव्हा या मुलखात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या लेखणीला मोडीचा सराव मागे टाकून हळूहळू हिंदी आणि इंग्रजी दप्तराशी जुळवून घ्यावे लागले. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही आजी नातवंडांशी मराठीत बोलते, नातवंडे बाजारात हिंदी-छत्तीसगढी बोलतात आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहितात. असे मसुदे तपासून देता देता माझी खात्री पटली आहे की, त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ आपल्याच व्याकरणात सापडते.

सर्वांत रूढ चूक 'सिन्स टू इयर्स' ही. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोन्ही ठिकाणी मराठीला 'पासून' हा एकच शब्द पुरतो, हिंदीला 'से' पुरतो. इंग्रजी मात्र काळाचा आरंभबिंदू दाखवताना 'सिन्स' आणि काळाची लांबी मोजताना 'फॉर' वापरते. त्यातच, 'मी दोन वर्षांपासून काम करतो आहे' या वाक्यातील आपला वर्तमानकाळ जसाच्या तसा उचलून मुले 'आय अ‍ॅम वर्किंग' लिहितात, वस्तुतः तेथे 'आय हॅव बीन वर्किंग' हवे, कारण भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेला इंग्रजीने निराळे रूप राखून ठेवले आहे.

'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो, या आपल्या नियमामुळे 'ऑलदो'च्या मागोमाग 'बट' येतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरे. पैसे 'उसने' देताही येतात आणि घेताही येतात, म्हणून 'लेंड' आणि 'बॉरो' यांची अदलाबदल होते. 'विषयी चर्चा करणे' यातला 'विषयी' 'डिस्कस'ला 'अबाउट' होऊन चिकटतो. 'कझिन ब्रदर' या प्रयोगाविषयी मात्र मला ममत्व वाटते: ज्या भाषेत चुलत, मामे, आते आणि मावस अशी चार निरनिराळी नाती आहेत, तिच्या लेकरांना एका 'कझिन'ने समाधान कसे व्हावे? तथापि औपचारिक पत्रात 'कझिन' एवढेच लिहावे.

'अ' आणि 'अ‍ॅन' यांच्या बाबतीत तर देवनागरी आपली साहाय्यकर्ती ठरते. पुढच्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून पाहावा. आरंभी स्वर असेल तर 'अ‍ॅन', व्यंजन असेल तर 'अ'. म्हणून 'अ‍ॅन अवर', परंतु 'अ युनिव्हर्सिटी'. रोमन अक्षराकडे पाहिले की फसगत होते, ध्वनीकडे पाहिले की होत नाही. 'दि'ला आपल्याकडे प्रतिशब्द नाही, पण त्याचा अर्थ आपण जाणतो: 'एक पुस्तक आण' म्हणताना कोणतेही चालते, 'ते पुस्तक आण' म्हणताना बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ते ठाऊक असते.

विरामचिन्हांचा आपला परिचय तसा अलीकडचा. मोडीच्या कागदांत शब्दसुद्धा सलग लिहिले जात. स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादी चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने मराठीत रूढ झाली. त्यामुळे दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडण्याची सवय अद्याप सुटत नाही. इंग्रजीत तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा उभयान्वयी अव्यय पाहिजे. 'इट्स'चा लोपचिन्हासह अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज'. 'त्याचे' म्हणायचे असेल तर 'हिज'प्रमाणेच तो शब्द चिन्हाविना लिहावा.

मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढले आणि पुढे 'दासबोध' हिंदीत आणला. दोन भाषांच्या सीमेवर जगणाऱ्याला लागणारी सावधता त्या कामात पदोपदी लागली असेल, आणि मुलांना मी तीच शिकवू पाहतो. परवा एका मुलीचा अर्ज पाहताना मी तांबडी शाई बाजूला ठेवली आणि तिला तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगून विचारले, "यातला 'पासून' काळाचा आरंभ सांगतो, की लांबी?" ती क्षणभर थांबली आणि स्वतःच 'सिन्स' खोडून तिने 'फॉर' लिहिले.