चार्जर आहे, पण चालू आहे का?

गणपतीला इलेक्ट्रिक गाडीने गोव्याहून बेळगावकडे आजोळी जाताना चोर्ला घाटाची चढण बॅटरी भराभर खाते. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन हवं होतं. पण छोट्या गावात एकुलता एक चार्जर बंद निघाला, तर सगळा बेतच फसतो. तेव्हा अ‍ॅपवरच्या ठिपक्यावर विसंबू नका. निघण्याआधी तिथे फोन करा.

खरा आधार घरचाच. वायरमनकडून अर्थिंग तपासून १५ किंवा १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट बसवून घ्या. ३० युनिटची बॅटरी ३० किलोवॉटच्या फास्ट चार्जरवर तासाभरात भरते, घरी ३ किलोवॉटने दहा-अकरा तासांत, म्हणजे रात्रभरात. फक्त तेवढ्या युनिटचे पैसे मामांच्या हाती आठवणीने ठेवा!